बाबांच्या थबकणाऱ्या पावलांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "जिना भराभर चढतात आणि खोलीच्या दारात मात्र पाय रोवून उभे राहतात. मुद्दाम करतात की काय, कळत नाही." बाबा तिथेच होते, त्यांनी ऐकलं असणार. ते काही बोलले नाहीत म्हणून मी लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा.

आई, बाबा मुद्दाम करत नाहीत गं. पायांत ताकद आहे, ते जिन्यावर दिसतंच. बिघाड मेंदूत आहे. चालणं आपण लहानपणी एकदा शिकतो आणि मग पाऊल कधी उचलायचं, किती लांब टाकायचं याचा विचारच करत नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके आहेत, त्यांच्या जोरावर हे सगळं आपोआप होत असतं. त्यांना डोपामाइन नावाचं रसायन लागतं, आणि बाबांना झालेल्या कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, नेमक्या ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हाताची थरथर दिसू लागते तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. म्हणजे आपल्याला कळलं त्याच्या कितीतरी आधीपासून बाबांचं शरीर हे सोसत होतं. हे समजल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

मग जिना कसा जमतो? पायरी डोळ्यांना दिसते. समोर खूण असली की पाऊल बघून, ठरवून टाकलं जातं, आणि त्यासाठी मेंदू दुसरी वाट वापरतो. ती वाट बाबांची अजून बरी चालते. सपाट जमिनीवर खूण नसते. त्यातच दाराची चौकट, अरुंद जागा, वळण किंवा घाई आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात.

म्हणून अशा वेळी त्यांचा हात धरून ओढू नकोस. अंग पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. मला सगळ्यात भीती याचीच आहे. दोघंही थांबा. बाबा, तुम्ही अंगाचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर घ्या आणि मग मोठं पाऊल टाका. आई, तू शेजारी उभी राहून "एक, दोन" मोजलंस तरी चालेल. दाराशी एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. बऱ्याच जणांना त्याने पाऊल सुटतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्या. आणि ते चालत असताना काही विचारू नकोस. आता त्यांना चालण्याकडेच लक्ष द्यावं लागतं, बोलणं मध्ये आलं की पाय अडतात.

चेहऱ्याचंही तसंच आहे. हसू आपोआप उमटतं ना, तेच मंदावलंय. ते रुसलेले नाहीत. आवाज खाली गेलाय, अक्षर बारीक झालंय, सगळं त्याच एका कारणाने.

बाबा, तुम्हाला अशा गोष्टींची आवड म्हणून सांगते. जेम्स पार्किन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला. लेव्होडोपा, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, रुग्णांपर्यंत पोचायला 1960 चं दशक उजाडलं. तेव्हा गोळीची वेळ चुकवू नका, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद तर मुळीच करू नका. एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

एक काम तुम्हा दोघांसाठी. पाय कधी अडकले आणि त्याआधी गोळी कधी घेतली होती, दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. गोळीचा असर उतरताना अडकतात की असर असतानाही, यावर डोस बदलायचा की व्यायाम, हे डॉक्टर ठरवू शकतील. पुढच्या तपासणीला मी येते आहे, वही बरोबर घेऊ.

तुमची
लेक