डीबीएसनंतर दर्या आणि शेक, दोन्ही जपून

संपादक साहेब, नमस्कार.

पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत वायर बसवून छातीतल्या छोट्या बॅटरीच्या मशीनने करंट देतात ते डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) ऑपरेशन, त्याच्याबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक हात थरथरायचा थांबला इथेच संपतं. थांबतो, खोटं नाही, आमच्या काकांचाच थांबलाय. रक्तस्राव, इन्फेक्शन, वायर तुटणं हे धोके सही घेताना सांगतातच हो, पण मुंबई-बंगळुरूहून ऑपरेशन करून माणूस गोव्यात घरी आला की पुढचं सांगायला कोण असतं?

मे महिना आला की खाऱ्या पाण्याने सांधे मोकळे होतात म्हणून अर्धा गोवा दर्यावर, त्यात हे पेशंट पण, लहानपणापासून नदीत पोहलेली माणसं, आता अंग हलकं झालंय मग भीती कसली. झुरिचच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये अशा 9 पेशंटची माहिती छापली होती, सगळे चांगले पोहणारे, ऑपरेशननंतर हालचाल सुधारली पण पोहणंच जमेना, एकाने तर बिनधास्त तळ्यात उडी मारली आणि घरच्यांनी ओढून काढला म्हणून वाचला. त्यातल्या तिघांनी मशीन बंद करून बघितलं तर लगेच पोहता आलं! काकांना हे सांगितलं तर म्हणतात मी मांडवी पोहून गेलोय, तू मला काय शिकवतोस. आता बोला.

दुसरं म्हणजे शेक. कंबर धरली की आपण जवळच्या फिजिओकडे जातो, तिथला मशीनचा शेक म्हणजे डायथर्मी या पेशंटला अजिबात चालत नाही, शरीरावर कुठेही नाही आणि छातीतलं मशीन बंद असलं तरी नाही, कारण ती ऊर्जा वायरीतून मेंदूतल्या टोकापर्यंत जाते आणि तिथला भाग भाजून निघतो. 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि अशा उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, यावर इशारा काढला तो माणसं दगावल्यावरच, त्यातल्या एकाला दात काढल्यानंतर हा शेक दिलेला.

बोलणं जड झालं तर वय झालं म्हणून सोडू नका, करंट कमी-जास्त करून बरेचदा फरक पडतो. चार्ज न होणारी बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षांत संपते, ती अचानक गेली तर माणूस लाकडासारखा कडक होतो, तेव्हा सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

फिजिओ आणि दातांच्या डॉक्टरांनी फॉर्मवर एवढंच विचारावं, अंगात काही मशीन आहे का? आणि घरच्यांनी पेशंटचं मशीन बसवल्याचं कार्ड कपाटातून काढून त्याच्या पाकिटात ठेवावं, मोपा विमानतळाच्या सिक्युरिटीला पण तेच दाखवावं लागतं.

एक वाचक, डिचोली