खुंट्याला हात लागल्यावर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कॉलेजच्या प्रदर्शनात स्त्रीवादी कलेवर काही करायचंय, पण आपल्याकडे असलं काही नव्हतंच. तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. होतं गं, जात्यावरच्या ओव्यांत होतं.

तुझी आजी पहाटे दळायला बसायची. समोर शेजारची काकू, जात्याच्या खुंट्यावर दोघींचे हात. मी गोधडीत डोकं खुपसून चिडायचे, झोपू देत नाही म्हणून. ती गायची, 'अस्तुरी जन्मा नको घालू शिरीहरी, रात न् दिस परायाची ताबेदारी.' पलीकडच्या खोलीत आजोबा झोपलेले. जात्याच्या घरघरीत कोण कुणाला टोकणार? दिवसभर जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते त्या दोन तासांत दोघी एकमेकींना सांगायच्या, तेही देवाचं नाव घेऊन. म्हणजे कुणी ऐकलंच तर देवाचं गाणं!

गावात गिरणी आली. आजीचे खांदे सुटले, आणि ओव्याही. त्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. मीसुद्धा नाही, आणि मला तर तेव्हा लिहिता येत होतं.

पण काहींनी हे काम केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्याकडच्या डोंगरी गावांतल्या बायकांबरोबर सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. त्यात परभणीकडच्या, ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांची सीतेची ओवी शोध. एवढ्या वनात कोण रडतंय? सीता. आणि तिची समजूत घालायला कोण आलंय? बोरी आणि बाभळी, बायका होऊन. माणसांनी टाकलेल्या बाईजवळ काटेरी झाडं येऊन बसतात. मी ती भाजी निवडताना ऐकली आणि निवडणं तसंच राहिलं.

याचं उगाच कौतुक मात्र करू नकोस. गाऊन कुणाचा मार चुकला नाही. त्याच जात्यावर नवऱ्याचं, भावाचं गुणगानही भरपूर व्हायचं, लेकीपेक्षा लेकाचं जास्त. तेही ठेव. आणि हो, नुसतं जातं मांडू नकोस. आपल्या हायवेवरच्या हॉटेलात जात्यात मनी प्लांट लावलाय, तेवढं पुरे.

ओव्या हव्या असतील तर दिवाळीत चार दिवस आधी ये. माईमावशीला अजून येतात, पण नुसतं बसून विचारलं की 'काही आठवत नाही गं' म्हणते. खुंट्याला हात लागला की सुरू होते. मागच्या पडवीतलं जातं मी धुऊन घेतलंय, त्याच्या दगडाला टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करायला माणूस सांगितलाय. ज्वारी निवडून ठेवते. तिच्यासमोर तूच बसायचंस.

तुझी,
आई