अंदमान : विमानात चार तास, प्रवास चौदा तासांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील तक्त्यात ‘सांगली ते पोर्ट ब्लेअर 2,040 किमी, अडीच तास’ असे छापले आहे. अंतर बरोबर आहे, पण ते नकाशावर पट्टी ठेवून काढलेले. त्याला ताशी साडेआठशेने भागले की अडीच तास येतात. त्या रेषेवरून सांगलीचा प्रवासी मात्र जात नाही. दिवाळीच्या सुट्टीचे बेत या आकड्यावर आखले गेले तर पहिलाच दिवस फुकट जाईल.

प्रत्यक्ष मार्ग पुणे–चेन्नई–पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). पुणे–चेन्नई हवाई अंतर सुमारे 910 किमी, पुढे समुद्रावरून 1,370. या दुसऱ्या टप्प्याला भागाकाराने पावणेदोन तासही होत नाहीत, तरी तिकिटावर सव्वादोन तास असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरण्याआधी वेग कमी करणे यात उरलेला वेळ जातो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा वारा पूर्वेकडून वाहतो, तेव्हा जाताना आणखी थोडा उशीर होतो. कोलकात्यावरून गेल्यास मात्र पुण्यापासूनची बेरीज 2,880 किमीच्या आसपास जाते. तिकीट स्वस्त दिसले तरी हा वळसा लक्षात घ्यावा.

आता घरापासून मोजू. पेठ नाक्यावरून महामार्गाने पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत पाच तास धरा. खंबाटकीचा बोगदा आणि नवले पूल या दोन ठिकाणी सुट्टीच्या दिवशी तासभर सहज जातो, तो वेगळा. विमानतळावर दोन तास आधी, चेन्नईपर्यंत पावणेदोन तास, तिथे तीन तास, पुढे सव्वादोन. बेरीज चौदा तास. सातारकरांचे रस्त्यावरचे दोन-अडीच तास वाचतात, एवढाच फरक. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून बेंगळुरू किंवा हैदराबादचे विमान मिळाले तर रस्ता वाचतो, पण पुढच्या विमानाची वेळ जुळली नाही तर मुक्काम पडतो.

चेन्नईचे तीन तास कमी करू नयेत. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर) असतील तर बॅग थेट पुढे जाते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय विमान कंपनी करते. स्वतंत्र तिकिटे काढली तर बाहेर येऊन पट्ट्यावरची बॅग घ्यायची, पुन्हा काउंटरवर द्यायची, आणि तो काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. विमान चुकले तर पैसे बुडतात. अशा वेळी चार-पाच तास ठेवावेत.

पोर्ट ब्लेअरला एकच धावपट्टी आहे, तीही नौदलाच्या तळासोबत. जवळपास दुसरा मोठा विमानतळ नसल्याने हवा बिघडली की विमान थेट चेन्नई किंवा कोलकात्याला परतते. म्हणून सकाळचेच विमान धरावे आणि परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच राहावे, बाहेरच्या बेटावर नको.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. घड्याळ तेच असले तरी तिथला सूर्य सांगलीच्या सव्वा तास पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. स्वराज द्वीपच्या (पूर्वीचे हॅवलॉक बेट) शेवटच्या बोटी दुपारीच सुटतात, आणि खासगी बोटीलाही दीड-दोन तास लागतात. दुपारी तीनला उतरणाऱ्याने त्या दिवशी बोटीचे तिकीट काढूच नये.

तक्ता पुन्हा छापाल तेव्हा किलोमीटरच्या शेजारी ‘सांगली एसटी स्टँड ते बोटीचा धक्का’ असा तासांचा रकाना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली