क्रोशे तुझ्याकडे, वही माझ्याकडे

नेपरव्हिल,
14 डिसेंबर 2025

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

"आई, व्हाइट सॉक्स सोड, रेड सॉक्स धर, मोजे ते मोजेच," हा तुझा मेसेज वाचून आधी हसले. म्हणजे बेसबॉलमध्ये आपल्या शिकागोची हरणारी टीम सोडून मी तुझ्या बॉस्टनची धरायची! मग भांडी घासता घासता राग यायला लागला. फोनवर तू मला पाच मिनिटांच्या वर बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

बॉस्टनच्या फेनवे मैदानावर पिचर (चेंडू टाकणारा) क्रोशेला बघून आलास, छान झालं. या वर्षी त्याने 255 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांत जास्त. पण 2024 मध्ये हाच मुलगा आपल्याकडे होता ना रे! 146 इनिंगमध्ये 209 स्ट्राइकआउट, आणि खात्यावर काय? 6 विजय, 12 पराभव. माझी स्कोअरची वही काढून बघितली काल. त्याच्या दिवसांची पानं वरच्या अर्ध्यात कशी सुवाच्य आहेत. ओळीने के (स्ट्राइकआउटची खूण), मधूनच एखादा उलटा के, म्हणजे बॅटर नुसता बघत राहिला. चार-पाच इनिंग झाल्या की त्याचा हात जपायचा म्हणून त्याला काढायचे, बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, दुसरा कोणीतरी यायचा, आणि तिथून खाली कागद खोडरबराने विरलेला. एका पानाला तर भोकच पडलंय. आबांनी शिवाजी पार्कवर मला स्कोअर लिहायला शिकवलं तेव्हा बजावलं होतं, पेन्सिल हलकी धरायची. त्या वर्षी माझी पेन्सिल हलकी राहिली नाही.

तू नुकताच बॉस्टनला गेला होतास तेव्हाची गोष्ट. एका हंगामात 120 पराभव झाले होते, 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सच्या सर्वाधिक पराभवांच्या आधुनिक विक्रमाशी बरोबरी. बाबा म्हणाले, इतिहास घडतोय तर बघून येऊ. 24 सप्टेंबरला रेड लाइनने गेलो. लोक चक्क पराभव बघायला आले होते! "टीम विका, टीम विका" अशा आरोळ्या चाललेल्या. आणि आपल्या मंडळींनी काय करावं? आठव्या इनिंगमध्ये तीन रन काढून सामना जिंकला. पुढचे दोन दिवसही जिंकले. धड वेळेवर हरताही येईना. 121 वा पराभव मग 27 तारखेला डेट्रॉइटला जाऊन उरकला.

तुला वाटतं मी हरण्यावर चिडते. हरण्याची सवय आहे मला. या वर्षी 102 हरलो, तरी बाबांपेक्षा मीच जास्त सामने बघितले. (पोपसुद्धा व्हाइट सॉक्सचेच चाहते निघाले, तरी 102!) माझं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे पिचर पिकला की तो दुसऱ्याच्या टोपलीत जातो. 2016 च्या डिसेंबरात ख्रिस सेल देऊन टाकला, तोही तुमच्या बॉस्टनलाच. 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) शेवटचा चेंडू त्याने बॉस्टनसाठी टाकला. त्याच्या बदल्यात कोपेक आला, शंभर मैलांच्या वर वेगाने टाकणारा. आता बघा पाच वर्षांनी, असं तेव्हा सगळे म्हणत होते. त्याचं कोपर गेलं, ऑपरेशन झालं, आणि अखेर 2024 मध्ये त्यालाही लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे धाडला. डॉजर्स त्याच वर्षी जगज्जेते, आपण 121. सेलला त्याच वर्षी अटलांटात सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार! मग डिसेंबरात क्रोशे गेला. दर वेळी बदल्यात "भविष्य" येतं. वयाची पन्नाशी झाली माझी, मी किती भविष्यं बघायची?

आणि पिचरचं भविष्य म्हणजे असतं काय, ते मी रोज क्लिनिकमध्ये बघते. कोपराच्या आतल्या अंगाला छोटीशी लिगामेंट. परवा एक सोळा वर्षांचा मुलगा आला होता, हायस्कूलचा पिचर. मी हात पूर्ण सरळ करायला सांगितला, तर होईना. शेवटची दहा अंश जागा अडलेली. आई शेजारी बसून विचारतेय, स्प्रिंगपर्यंत होईल ना बरं? आपल्या टीमचं या वर्षी तेच झालं. हंगाम सुरू होता होताच कितीतरी तरुण पिचर टॉमी जॉन ऑपरेशनला, म्हणजे कोपराच्या लिगामेंटच्या दुरुस्तीला, गेले. त्यात ड्रू थॉर्पही, जो आपल्या पिचर डिलन सीसच्या बदल्यात आलेला, म्हणजे तोही एक भविष्यच. गंमत बघ, ज्याच्या नावाने हे ऑपरेशन आहे तो टॉमी जॉन 1965 ते 1971 आपल्याच टीममध्ये होता. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या मनगटाकडचा टेंडन काढून कोपरात बसवली तेव्हा मात्र तो डॉजर्सकडे. दुरुस्तीसुद्धा दुसऱ्याच्याच घरी.

2005 ची गोष्ट तू शंभर वेळा ऐकलीस, तरी सांगते. तू पोटात होतास, मला झोप नव्हती. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत एंजल्सविरुद्ध आपल्या बर्ली, गार्लंड, गार्सिया, कॉन्ट्रेरास अशा चौघांनी लागोपाठ चार सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. त्या पाच सामन्यांत बुलपेनला मिळून एक पूर्ण इनिंगही टाकावी लागली नाही! आता कोणी तसं टाकत नाही, आणि कोपरं बघणारी बाई म्हणून मला ते पटतंही. पण डोळ्यांना सवय त्याची लागली ना.

आबांनी परवा फोनवर विचारलं, "एवढे हरतात तर खालच्या डिव्हिजनला का नाही ढकलत? कांगा लीगमध्ये केव्हाच खाली गेले असते." त्यांना सांगितलं, इथे उलटं आहे, जो हरतो त्याला नवीन पोरं निवडायला आधी मिळतात, फक्त आता त्याची भिशीसारखी चिठ्ठी निघते. मग 121 हरून पहिला नंबर मिळाला असेल, असं म्हणाले. नाही, दहावा! मोठ्या शहराच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं चिठ्ठीत बसता येत नाही. आबा इतके हसले की आजीने फोन काढून घेतला. या आठवड्यात मात्र चिठ्ठी आपली निघाली, 2026 ला पहिला नंबर. 1977 मध्ये हॅरल्ड बेन्सला घेतलं, त्यानंतर पहिल्यांदा.

तरी माझा जीव त्यात नाही. माझा जीव आहे आपल्या पिचर शेन स्मिथमध्ये. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरांच्या निवडीत, त्याला कोणी घेतलं नाही, मिलवॉकीने जपून ठेवलं नाही, आपण रूल फाइव्हमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमने न जपलेल्या पोरांच्या निवडीत, उचलला, आणि पहिल्याच वर्षी ऑलस्टार! आणि तो ओस्वेगोचा उंच पिचर नोआ शुल्ट्झ, आपल्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावरचा. या वर्षी गुडघ्याने त्रास दिला त्याला. गुडघा बरा होतो. कोपर सांभाळ म्हणावं.

रेड सॉक्स मी धरणार नाही. पण क्रोशेच्या पुढच्या सामन्याला जाशील तेव्हा मोबाइल खिशात ठेव आणि माझ्यासाठी स्कोअर लिहून पाठव. पेन्सिलीने.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी एप्रिलची तिकिटं मला न विचारता काढलीत. वरच्या मजल्यावरची, वारा लागणारी. तीन आहेत. तिसरं कोणाचं, ते विचारलं तर सांगत नाहीत.