स्टील मॅचला येण्याआधी गोळ्या तपास

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आमच्या क्लबच्या पुढच्या स्टील मॅचला, म्हणजे पोलादी प्लेट्सवरच्या पिस्तूल नेमबाजीला, तू नाव दिलंस हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी लिहिलंयस, "कपाटात जुन्या गोळ्या पडल्यात, त्याच आणतो." तेवढं वाक्य वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

खेळ समजायला सोपा आहे. माइक डाल्टन आणि माइक फिचमन यांनी १९८१ साली कॅलिफोर्नियात स्टील चॅलेंज ही स्पर्धा सुरू केली, आणि आमच्यासारख्या छोट्या क्लबांच्या मॅचही त्याच धर्तीवर होतात. समोर पाच पोलादी प्लेट्स, त्यातली एक स्टॉप प्लेट. हात खांद्यांच्या वर धरून उभं राहायचं, टायमर वाजला की पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, चार प्लेट्स टिपायच्या आणि शेवटी स्टॉप प्लेट, ती टिपली की वेळ संपते. एखादी हुकली की ३ सेकंदांचा दंड. बहुतेक स्टेजवर, म्हणजे प्लेट्सच्या ठरावीक मांडणीवर, पाच फेऱ्या असतात. सगळ्यांत वाईट फेरी सोडून उरलेल्या चारांच्या वेळेची बेरीज धरतात. 'स्मोक अँड होप' ही स्टेज तुला नक्की आवडेल. १८ बाय २४ इंचांच्या चार मोठ्या प्लेट्स आणि एक गोल स्टॉप प्लेट. हात बसला की ठणठण आवाज असा सलग येतो की विचारू नकोस!

आता गोळ्यांचं. कागदी टार्गेटमधून गोळी आरपार जाते आणि मागच्या मातीच्या बांधात रुतते. पोलादावर ती तिथल्या तिथे फुटते. आलास की एखाद्या प्लेटखालची माती जवळून बघ. शिशाचे नखाएवढे चपटे तुकडे पडलेले असतात, कडा पात्यासारख्या धारदार, आणि तांब्याच्या कवचाच्या वळलेल्या चिंध्या. प्लेट कठीण आणि गुळगुळीत असेल तर हे सगळं तिच्या पृष्ठभागालगत बाजूंना उडतं. ती थोडी पुढे झुकवलेली असली की बराचसा मारा जमिनीकडे जातो. सगळी भिस्त त्या गुळगुळीतपणावर. पोलादी गाभ्याची गोळी नीट फुटत नाही, ती प्लेटला खड्डा पाडते. मग पुढच्या माणसाची साधी शिशाची गोळी त्या खड्ड्यात शिरली की तिचे तुकडे वळून थेट नेमबाजाकडे येऊ शकतात. म्हणजे चुकीचं काडतूस झाडणार तू आणि भोगणार तुझ्यामागून उभा राहणारा. मला हा नियम एवढा महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच.

म्हणून आमच्याकडे नोंदणीच्या टेबलावर चुंबक ठेवलेलं असतं. काडतुसाच्या टोकाला, म्हणजे खुद्द गोळीला, ते लावून बघतात. चिकटलं तर ती पेटी परत गाडीत. वरून तांब्यासारखी दिसणारी गोळीही कधी कधी आतून पोलादी कवचाची असते, डोळ्यांना कळत नाही. चिलखतभेदी, ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या) आणि आग लावणाऱ्या गोळ्यांना तर मुळीच थारा नाही. अंतराचंही तसंच: प्लेटपासून २३ फुटांच्या आत येऊन कुणीही गोळी झाडायची नाही.

तू घरी भरलेली काडतुसं आणणार असशील तर आणखी एक सांगतो. स्टील चॅलेंजमध्ये पॉवर फॅक्टरची, म्हणजे गोळीचं वजन आणि वेग मिळून किमान जोर असण्याची, अट नाही, म्हणून धक्का कमी बसावा यासाठी बरेच जण दारू कमी भरतात. त्यात दोन धोके आहेत. दारू इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांडीत, मावते आणि वरून पटकन लक्षात येत नाही. आणि दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीतच अडकते. एरवी आवाजातला फरक चटकन कळतो, पण हलक्या लोडची सवय झालेला हात घाईत पुढचा चाप ओढून मोकळा होतो, आणि मग नळी फुटू शकते. आवाज जरा जरी दबका आला तरी थांब, पिस्तूल बांधाकडेच रोखून ठेव. फेरी वाया गेली तर गेली. आमचे रेंज ऑफिसर, म्हणजे नेमबाजीवर देखरेख करणारे, अशा वेळी "स्टॉप!" म्हणून असे ओरडतात की पलीकडच्या स्टेजवरचेही थबकतात. ते मला फार योग्य वाटतं.

बाकीचं इथे आल्यावर कळेलच. पिस्तूल रिकामं करूनच बॅगेतून आण, ऑफिसरने सांगेपर्यंत भरू नकोस. सेफ्टी एरियात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, पिस्तूल हाताळता येतं, पण तिथे काडतूस काढायचं नाही, डमीसुद्धा नाही. पाच मॅगझिन असली तर बरं, फेऱ्यांमध्ये खोळंबा होत नाही. जेवण्याआधी हात साबणाने खसखसून धुवायचे, शिसं बोटांना चिकटून राहतं.

वहिनींना नुसतं बघायला यायचं असलं तरी सेफ्टी चष्मा हवाच, मागे बसणाऱ्यांनाही सक्ती आहे. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. तू मात्र आजच त्या पेट्या काढ, चुंबक लावून बघ आणि काय निघालं ते कळव. लागल्या तर माझ्यातल्या देईन.

तुझा,
शिरीष