खाट ओढली त्याबद्दल

रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. प्रांजल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या होस्टेलचा फोन रविवारी संध्याकाळी पाच ते सहा. त्यातली चाळीस मिनिटं आज तुझ्या मम्मीनं आणि आजीनं खाल्ली, उरलेली दादूनं. मला शेवटी म्हणालीस, "जेवलात का पप्पा?" मी म्हणालो, "हो." संध्याकाळी सहा वाजता कोण जेवतं गं? पण तेवढंच सुचलं. म्हणून हे पत्र. दादू हसतोय, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. हसू दे. कुशाकाका उद्या दवाखान्याच्या कामानं लातूरला येतोय, त्याच्याजवळ देतो. सोबत धपाटे आहेत, ते पहिल्या दिवशीच सगळ्या मिळून संपवा. शेंगदाण्याची चटणी पुरवून खा.

मंगळवारचं माझं चुकलं, हे आधी लिहितो. तुझी चादर अंथरून झाली होती, उशीवर तो अस्वलाचा अभ्रा घातला होतास, आणि मी येऊन लोखंडी खाट ओढली. फरशीवर पाय घासून तो आवाज झाला. उदगीरची ती मुलगी आणि तिचे वडील दारातच थांबले. ते बिचारे नुसते बादली घेऊन उभे होते, लेकीच्या खोलीत कसं वागावं हे त्यांना कळत होतं. वर माळा पेट्यांनी गच्च भरलेला आणि बरोबर त्याच्या खाली तुझं डोकं, हे बघितल्यावर मला बाकी काही दिसलं नाही. तू खालच्या आवाजात म्हणालीस, "पप्पा, जावा आता तुम्ही." मी निघालो. औसा येईपर्यंत तिकीट हातातच होतं, खिशात ठेवायचं सुचलं नाही.

आता खाटेचा विषय संपला. पुन्हा काढणार नाही.

तुझा बॅनर अजून वेशीत आहे. ५०० पैकी ४७३. वाऱ्यानं एक कोपरा फाटला होता, मी शिडी लावून बांधून आलो, तर लोक म्हणाले, स्वतःच्या पोरीचा बॅनर स्वतःच बांधतोय. बांधतो की. स्वतःच्या हातानं एवढ्या लोकांची घरं बांधली, एक बॅनर बांधला तर काय झालं?

फेब्रुवारीत तुमच्या निरोप समारंभाला मी मागं खांबाला टेकून उभा होतो ते तू बघितलंस की नाही माहीत नाही. आजीची पिवळी काठाची साडी नेसून तू भाषण केलंस. कुणाची सायकल कोणी पंक्चर केली, गणिताच्या तासाला कोण झोपायचं, पुढं कोण पोलीस भरतीला जाणार, कोण आयटीआयला, कोण डॉक्टर होणार. सगळे हसत होते. मी मोजत होतो. सदतीस. पुन्हा मोजले, सदतीस. शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या मम्मीनं विचारलं, ओठ काय हलवताय, स्तोत्र म्हणताय का?

त्या सदतीसातल्या शिवकन्येला फोन करत जा. तिनं अकरावीचा फॉर्मच भरला नाही. सोयाबीनच्या खुरपणीला जाते. यंदा पहिल्यांदाच अख्ख्या राज्याचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होते, तिच्या बापाला वाटलं मुदत संपली. मी दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा जाणार आहे. तुझ्याइतकीच हुशार पोरगी, मार्क थोडे कमी असतील.

आमचा निरोप समारंभ झाला नाही. आमची बॅच मार्च १९९४ ची. तू नेहमी म्हणतेस, पप्पा भूकंपाचं सोडून दुसरं काहीच सांगत नाहीत. खरंतर मी तो कधी सांगितलाच नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं आणि ३० सप्टेंबर १९९३, एवढं कुणीही सांगतं, ते तुमच्या पुस्तकातही असेल. बावन्न गावं उठून नव्या जागी गेली, हेही सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वर्गाचं सांगतो.

शाळा पुन्हा भरली ती पत्र्याच्या शेडमध्ये. वर्गशिक्षकांनी जुना हजेरीपट आणला होता, भिजून शाई पसरलेला. त्यांनी पहिल्यापासून नावं घेतली, एकही न गाळता. उत्तर आलं नाही की जरा थांबायचे, मग पुढचं नाव. एक्केचाळीस नावं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. वर्गात कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी नवा हजेरीपट आला आणि माझा नंबर २७ चा १४ झाला. काही जण गेले होते, काहींना त्यांच्या मामांनी नेलं होतं. नव्या नंबरला 'हजर' म्हणायचं माझ्या तोंडी बसेना, मी २७ ला हात वर करायचो, आणि २७ नंबर तर वर्गात उरलाच नव्हता.

मग पुण्याहून जैन संघटनेचे लोक आले आणि आपल्या भागातली हजाराहून जास्त मुलं शिकायला घेऊन गेले. पुढं वाघोलीला त्यांची शाळा झाली. बळी आणि त्याचा भाऊ त्यात गेले. तोच, तुझा चाकणचा बळीकाका, निकालादिवशी सगळ्यात आधी ज्याचा फोन आला तो. तो बसमध्ये चढला तेव्हा त्याच्या पाठीवर नवं दप्तर होतं, निळं, दोन बकलांचं, आणि मला त्याचा राग आला. त्याचे आई-वडील दोघंही गेले होते, आणि मला दप्तराचा राग. हे मी बळीलासुद्धा आजवर बोललो नाही. माझा नंबर १२ झाला.

मार्चमध्ये शेवटचा पेपर सुटल्यावर आम्ही उरलेले एकोणीस जण रसवंतीवर गेलो. पैसे जमले अकरा ग्लासांचे. कुणी भाषण केलं नाही, पुढं काय करणार असंही कुणी विचारलं नाही. मला ५८ टक्के पडले आणि जूनपासून मी पुनर्वसनाच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली. शाळेनं मला निरोप दिला नाही तसा मीही शाळेला दिला नाही, म्हणून असेल, तुमच्या स्टेजची फरशी बसवायला बोलावलं तेव्हा मजुरी घेववेना.

अभ्यासाचं सांगायचं होतं. लातूर पॅटर्न म्हणजे सराव, सराव आणि सराव, हे सर सांगतीलच. पण लेकरा, पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले तर लपवायचं नाही. नीटच्या ७२० मार्कांचं गणित दोन वर्षांचं आहे, दोन आठवड्यांचं नाही. रात्री एकपर्यंत जागून सकाळी क्लासला पेंगण्यात काय अर्थ? पाणी उकळलेलं प्यायचं. मोबाईल मॅडमकडंच बरा आहे. आणि भौतिकची वही… बघ, सुरू झालो. तू इथं असतीस तर आत्ता डोळे फिरवले असतेस. ५८ टक्केवाल्यानं ९४.६० वालीला अभ्यास सांगू नये. माफ कर, हा परिच्छेद वाचला नाहीस तरी चालेल. पाण्याचं तेवढं वाच.

बिल्डिंग २०११ ची आहे, मी खाली वॉचमनला विचारलं. कॉलम जाड आहेत, बीमला कुठं चीर नाही. जिन्यात दोन ठिकाणी हातानं ठोकून बघितलं, आवाज भरीव आहे. म्हणजे तसं भिण्यासारखं काही नाही. चौथा मजला आहे एवढंच. जिना खोलीपासून अकरा पावलांवर, डाव्या हाताला. अंधारातही सापडेल. माळ्यावरच्या पेट्या मात्र खाली उतरवायला सांगा मॅडमना, चौघी मिळून सांगा, एकटीचं ऐकणार नाहीत.

आमच्या जुन्या घराची भिंत अडीच फूट जाड होती. आबा म्हणायचे, बैलगाडी धडकली तरी हलायची नाही. दगड मातीत रचलेले, आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, दोन्हींना सांधणारा एक आडवा दगड घातलेला नाही. वर माळवद, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती टाकायची. पिढ्यान् पिढ्या चढवलेली माती. वर किती वजन झालंय हे कुणी मोजलं नव्हतं. हे मला नंतर कामावर कळलं, एका इंजिनिअरनं पाटीवर खडूनं काढून दाखवलं तेव्हा. मी मध्येच उठून पाणी प्यायला गेलो.

सुनीआत्याचं नाव मी काढणार नव्हतो. पण त्या रात्री अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून आम्ही पोरं उशिरा आलो आणि मी तिथंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा झालो. भिंतीकडची जागा माझी होती. तिथल्या कोनाड्यात कंदील असायचा, म्हणून सुनी रोज त्या जागेसाठी भांडायची, तिला वाचायला उजेड लागायचा. त्या दिवशी मिरवणुकीला निघताना मीच तिला म्हणालो होतो, झोप आज माझ्या जागेवर. ती सातवीत होती. आजीला हे माहीत नाही. तूही तिला बोलू नकोस.

मागच्या वर्षी जुलैत हिंगोलीकडं धक्का बसला, ४.५ चा. आपल्याकडं काही जाणवलंही नाही, पण मी टीव्हीवर बघून अनवाणी अंगणात आलो आणि तुला हाका मारल्या. तू दात घासत बाहेर आलीस, तोंडात फेस, आणि हसत सुटलीस. तशीच हस. मला राग येत नाही. खोलीतल्या मुलींनी विचारलं, तुझे पप्पा असे का, तर सांग, गवंडी आहेत, जिथं जातील तिथं भिंती बघतात. खोटं नाही ते.

तुला सायन्सला पाठवायचं की नाही यावर घरात किती बोलणं झालं ते तुझ्यापर्यंत आम्ही येऊ दिलं नाही. गावातून डॉक्टर व्हायला निघालेली तू तिसरी, मुलींमध्ये पहिली. बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघाला, म्हणाला, काय, पोरीला सोडून आलात? मी म्हणालो, हो, नीटची तयारी करते. त्यानं विचारलं नव्हतं तरी मार्कही सांगितले. मागच्या सीटवरच्या बाईलाही ऐकू जावेत असे सांगितले.

गणपती २७ तारखेला बसतायत. विसर्जन ६ सप्टेंबरला, शनिवार आहे, सुट्टी मिळत असेल तर ये. शेवटच्या गाडीनं आलीस तरी चालेल, त्या रात्री मी जागाच असतो. स्टँडवर येऊन थांबेन. नसेल जमत तर राहू दे, क्लास बुडवू नकोस.

मम्मीनं तिचं वेगळं लिहून पिशवीत घातलंय, मी वाचलेलं नाही.

तुझा,
पप्पा

ता. क. कुशाकाकाला गेटच्या आत सोडणार नाहीत. पिशवीच्या तळाशी चटणीच्या डब्याखाली माझा पाच मीटरचा टेप आहे. माळ्याच्या कडेपासून तुझ्या उशीपर्यंत किती होतं ते बघ, आणि पुढच्या रविवारी फोनवर तेवढा आकडा सांग. मुलींसमोर सांगायला नको वाटलं तर नुसतं "जेवले" म्हण, म्हणजे मी समजेन की चार फुटांच्या वर आहे.