पिकअप ‘मिसिंग’ करते? पार्ट बदलण्याआधी वायरिंग उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतातला माल निघू लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास वाढते. रात्री नीट उभी केलेली जुनी पिकअप सकाळी झटके खात सुरू होते (गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही), चढाला दम टाकते आणि चेक लाइट पेटतो. पीक निघाले की शेतातले उंदीर गोठ्याकडे, वखाराकडे सरकतात. पेंड-मका वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात दाणे सांडलेले असतात आणि इंजिनाजवळ ऊब असते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे काही ना काही कुरतडणे त्याला भागच असते आणि इंजिनाच्या वायरी त्याला आयत्या सापडतात. हल्लीच्या वायरींच्या वेष्टणात सोयाबीन असते म्हणून हे होते, असे बरेच जण सांगतात. पण जुन्या पीव्हीसी वायरीही उंदरांनी कधी सोडल्या नव्हत्या.

खरे नुकसान उंदरापेक्षा पुढच्या अंदाजपंचे कामाने होते. आधी प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), मग नोझल (इंधन फवारणारा इंजेक्टर), आणि तरीही मिसिंग राहिले तर ‘ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला’. हजारो रुपये जातात आणि दोष निघतो दोन इंच वायरीत.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड दाखवणारे यंत्र) लावल्यावर कोड नीट वाचला तरी निम्मे काम होते. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाचा सिलिंडर मिस करतो. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते नाही. पी०२०१ (नोझल) किंवा पी०३५१ (कॉइल) अशा मालिकेतला कोड आला तर तक्रार विजेच्या सर्किटची आहे, तेव्हा पार्ट मागवण्याआधी वायर बघावी. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर एका रात्रीत जळत नाहीत. त्यांना पुरवठा करणारी ५ व्होल्टची लाइन बहुधा सामायिक असते. तिची एक सोललेली वायर बॉडीला टेकली की सगळेच खोटे बोलू लागतात.

नुसता ३०१ असेल आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिली कॉइल दुसऱ्यावर चढवा. कोड ३०२ झाला तर कॉइल दोषी. जागेवरच राहिला तर प्लग तसाच फिरवून पाहा. तरीही हलला नाही तर त्या सिलिंडरच्या कॉइलची आणि नोझलची वायर कपलरपासून (वायर पार्टला जोडणाऱ्या सॉकेटपासून) मागे तपासत जा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) त्यानंतर तपासा. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी ओढू नका. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि तो महागात पडतो.

सीएनजी गाडीत एक सोपी परीक्षा आहे: पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग असेल तर गॅसच्या इंजेक्टरची वायरिंग आणि फिल्टर पाहा. मात्र सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमजोर प्लगही आधी गॅसवरच उघडा पडतो. उंदीर रबरी नळ्याही सोडत नाहीत. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, चावी फिरवूच नका.

डिझेलवाल्यांसाठी एक इशारा. जुन्या पंपाच्या गाडीत नोझलच्या पाइपचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधायची सवय आहे. कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीत) हे कदापि करू नये. तिथे दाब १,००० बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत घुसते. चालू इंजिनावर तिथल्या नोझलच्या वायरींना हातही लावू नये. तिथला व्होल्टेज १२ च्या कितीतरी वर असतो.

प्रत्यक्ष शोध घेताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इनटेकखाली, गिअरबॉक्सच्या वर आणि इंजिन सीटखाली असेल तर सीट उचलून टॉर्च मारा. लेंड्या आणि गोणपाटाचे दोरे दिसले की त्याच्या आसपासचीच टेप उघडा. एक वायर तुटलेली सापडली म्हणून थांबू नका, उंदीर एका जागी बसून खात नाही. मल्टीमीटरचा बीप वाजला म्हणजे वायर चांगली, हा मोठा गैरसमज आहे. एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, पण करंट गेला की तीच वायर मान टाकते. म्हणून लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना मोजा: निगेटिव्ह परत जोडून, इंजिन चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगचा पट्टा आधी साफ करा. ईसीएमच्या वायरींवर बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरू नका.

जोडाचे काम घाईने उरकले जाते, आणि तिथेच दोन महिन्यांनी गाडी परत येते. पीळ मारून काळी टेप गुंडाळली की उष्णतेने टेपचा गोंद सुटतो आणि पावसाचे पाणी आत शिरते. तांबे काळे-हिरवे पडले असेल तर चकचकीत तार दिसेपर्यंत मागे कापा. वायर त्याच जाडीची, गाडीचीच घ्या. घरातल्या फिटिंगची नको. आतून गोंद असलेली ४ सेंटीमीटर हीट-श्रिंक स्लीव्ह आधी वायरीत ओवा (हे विसरले की जोड पुन्हा कापावा लागतो), ८-१० मिलिमीटर सोला, क्रिंपिंग पक्कडीने जोड दाबा, ओढून पाहा आणि मग स्लीव्ह तापवा. कडेने गोंद डोकावला पाहिजे. शेजारशेजारचे जोड एकाच रेषेत न आणता पुढे-मागे ठेवा. क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचा फेरा मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरीला जाळीचे कवच असेल तर तेही सलग जोडा. एअरबॅगच्या वायरीला जोड देऊ नये.

साफसफाई कोरड्या ब्रशने करू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, हे कोकणात आणि मुंबईत कोणाला सांगायला नको. हातमोजे घाला, बॅटरी सुटलेली असताना जागा जंतुनाशकाने भिजवा, मग पुसा. वास राहिला तर दुसरा उंदीर तिथेच येतो. डिझेल शिंपडणे म्हणजे रबर फुगवणे आणि आगीला बोलावणे. डांबरगोळ्या आणि तंबाखूचा वास उडतो. एअर इनटेकच्या तोंडाला ६ मिलिमीटरची जस्ताची जाळी आणि रोज झाडलेला हौदा, याचाच उपयोग जास्त दिसतो.

गॅरेजवाल्यांना एक विनंती: कोणत्या वायरीला, कुठे, किती जोड दिले हे बिलावर लिहून द्यावे. पुढच्या वेळी मिसिंग झाले की दुसरा मिस्त्री तिथूनच बघायला सुरुवात करेल.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, बारामती